विहिरीच्या दोन चाव्या आणि शांततेच्या चौदा बैठका

युद्ध कोणालाही करता येतं, त्याला फारशी अक्कल लागत नाही. शांततेला मात्र खुर्च्या लागतात. आणि खुर्च्या मांडण्यात आमच्या प्लासिडभाऊंचा हात धरणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात नाही.

भाऊ बावीस वर्षं एका छोट्या अरब राष्ट्रात नोकरीला होते. नकाशावर बोट ठेवलं की ते राष्ट्र बोटाखाली झाकलं जातं. (नाव ते सांगत नाहीत. तटस्थता.) शेजारच्या देशांचं युद्ध झालं की दोन्हीकडची माणसं तिथल्या एका हॉटेलात समेटाला येत, आणि त्या सभागृहाची व्यवस्था भाऊंकडे असे. खजूर, कॉफी, पाण्याच्या बाटल्या, कोणत्या शिष्टमंडळाला कोणती लिफ्ट, हे सगळं तेच बघत. दोन धटिंगण एकमेकांवर जे काही फेकतात ते ज्याच्या छपरावरून जातं, त्याला शांततेची आवड लागतेच, असं ते म्हणतात.

निवृत्त होऊन ते राजोडीजवळच्या आमच्या गावात परतले, तेव्हा परमेश्वराने त्यांच्यासाठी तशीच जागा राखून ठेवली होती. उत्तरेला गुरुदत्तची केळीची वाडी, दक्षिणेला फेबियनची मोगऱ्याची, आणि मध्ये भाऊंचं दोन खोल्यांचं कौलारू घर. तिघांत विहीर एक. पाण्याच्या पाळ्या आजोबांच्या वेळेपासून ठरलेल्या. गेल्या जानेवारीत गुरुदत्तची पाळी संपायला पंधरा मिनिटं असताना फेबियनने आपला पंप चालू केला आणि युद्ध पेटलं.

ते तीन दिवस चाललं. मुख्य अस्त्र कच्च्या पपया. त्यात भाऊंची सदतीस कौलं फुटली. भाऊंनी लगेच निवेदन काढलं की छपराच्या स्थितीबद्दल आपल्याला गंभीर चिंता वाटते आणि दोन्ही मित्रांनी संयम राखावा. कौलं कोणी फोडली, याचा त्यात उल्लेख नव्हता. (याला अनुभव म्हणतात.) चौथ्या दिवशी पपया संपल्या. युद्धविरामाचं श्रेय निवेदनाला मिळालं.

युद्धविरामाच्या अटी सोप्या होत्या. विहिरीच्या जाळीला दोघांनी एकेक कुलूप लावायचं, आणि विश्वास वाढावा म्हणून दोन्ही चाव्या तटस्थ पक्षाकडे द्यायच्या. भाऊंनी त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या. दोन्ही वाड्यांना टँकर सुरू झाले. भाऊंच्या बायकोचं, लुसीवहिनींचं, रोज दोन कळश्या घेऊन चर्चजवळच्या नळापर्यंत चालणं सुरू झालं. ही नोंद कुठल्याही इतिवृत्तात नाही.

बैठका दर शनिवारी होत. गुरुदत्त बाहेरच्या खोलीत बसे, फेबियन स्वयंपाकघरात. थेट बोलायचं नाही, भाऊंनी निरोप न्यायचा. अंतर चार पावलं. आम्ही सात जण निरीक्षक म्हणून ओटीवर असायचो. खजुराऐवजी सुकेळी ठेवत, कारण आपली सुकवलेली केळी कुठल्याही खजुराच्या तोंडात मारतील अशी असतात. चौदा बैठकांची फलनिष्पत्ती: सुकेळी अकरा किलो, कॉफी तीनशेवर कप, संयुक्त निवेदनं चौदा. चर्चा मनमोकळ्या वातावरणात झाली, हे वाक्य चौदाही निवेदनांत होतं. मुद्दा एकच होता, की आधी कोणाचं कुलूप उघडायचं.

"त्याला विचारा, आधी तुझं का नको?" गुरुदत्त म्हणायचा. चार पावलांवर फेबियनला ते स्वच्छ ऐकू यायचं. तरी तो भाऊ येईपर्यंत थांबायचा आणि मग विचारायचा, "काय म्हणतो तो?"

भाऊंची कीर्ती पसरली. फुलपाड्याच्या एका सोसायटीतून, पार्किंगवरून भांडणाऱ्या दोन विंगांचं शिष्टमंडळ अभ्यासदौऱ्यावर येऊन गेलं. पाचूबंदरहूनही बोलावणं आलं होतं, पण तिथलं भांडण भाऊ पोचायच्या आत मिटलं. ती रुखरुख त्यांना अजून आहे.

अशात भाऊंच्या मुलीचं, ॲनिशाचं, मे महिन्यात लग्न ठरलं. आमच्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत घरच्या विहिरीचं पाणी आणतात आणि नवरीला न्हाऊ घालतात. भाऊंच्या चारही बहिणी याच विहिरीच्या पाण्याने न्हाऊन सासरी गेल्या.

"माझ्या पोरीच्या पाण्याचं काय?" वहिनींनी विचारलं.

"तो मुद्दा परिशिष्ट सातमध्ये घेतलाय. घाई केली तर प्रक्रिया बिघडेल."

"डबा माझ्या फडताळात आहे."

"डबा तुझा," भाऊ म्हणाले. "चाव्या प्रक्रियेच्या."

आदल्या दिवशी भाऊंनी तोडगा काढला. दारात टँकर उभा राहिला, त्याला झेंडूची माळ घातली गेली आणि बँडवाले टँकरच्या नळासमोर वाजवू लागले. वहिनी घरात गेल्या आणि डबा घेऊन विहिरीकडे निघाल्या. बँड थांबला. त्यांनी दोन्ही कुलुपं उघडली. आधी कोणाचं उघडलं, ते आम्हा सात निरीक्षकांपैकी एकानेही पाहिलं नाही. आम्ही भाऊंच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"वहिनी, मागितलं असतं तर मी कशाला नाही म्हटलं असतं?" गुरुदत्त म्हणाला.

"मला वाटलं, तुझाच नकार आहे," फेबियन त्याला म्हणाला. चौदा आठवड्यांत थेट बोललेलं ते पहिलं वाक्य.

वहिनींनी रडत रडत कळशी भरली. मला भरून आलं, आणि आपण इतके शनिवार काय करत होतो याची लाजही वाटली. हे मी निरीक्षक म्हणून नव्हे, शेजारी म्हणून सांगतोय. लाज सोमवारपर्यंत टिकली.

पुढच्या शनिवारी दोघे वेळेवर आले आणि आपापल्या जागी बसले. विहीर प्रक्रियेबाहेर उघडली गेल्याबद्दल भाऊंनी खेद व्यक्त केला. चौदा बैठकांचं काम पाण्यात जाऊ देणं कोणालाच बरं वाटेना. विहीर रीतसर उघडता यावी म्हणून ती पुन्हा बंद करावी, असं सर्वानुमते ठरलं. (अनुमोदन माझं होतं. सुकेळी अजून बाहेर आली नव्हती.) कुलुपं लागली. फक्त या खेपेला चाव्या वहिनींनी कमरेला खोचल्या.

"ज्याला पाणी पाहिजे त्याने येऊन मागावं," त्या म्हणाल्या. "लगेच देते."

आज तीन शनिवार झाले. वहिनी रोज सकाळी कुलुपं उघडून आपलं पाणी भरतात आणि परत लावतात. चावी मागायला कोणी गेलेलं नाही. आधी कोणी जायचं, यावर चर्चा मनमोकळ्या वातावरणात सुरू आहे.

तुम्हाला हसू येतंय. चार पावलं चालून चावी मागायला काय लागतं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. मग असं करा. ज्या माणसाशी तुम्ही गेली काही वर्षं बोलत नाही, त्याला आत्ता फोन लावा. नाव आठवायला काही वेळ लागला नसेल.

त्यानेच आधी करायला हवा म्हणता? मग शनिवारी या. तुमच्यासाठी ओटीवर आठवी खुर्ची मांडून ठेवली आहे.