चौघं जमल्याशिवाय चहा नाही

ब्रिस्टलमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या देवधरकाकांकडे चहा हवा असेल, तर आधी नाचावं लागतं. बेल वाजवली की आतून पहिला प्रश्न येतो, "किती जण आहात?" काकांच्या कॉन्ट्रा डान्स या लोकनृत्याला चौघं लागतात. माणसं कमी पडली तर डायनिंग टेबलाच्या खुर्च्या त्यांच्या जागी उभ्या राहतात. मी स्वतः एका खुर्चीभोवती पाठीला पाठ करून फेरी मारली आहे आणि "खुर्ची तुझ्यापेक्षा तालात आहे रे" हेही ऐकून घेतलं आहे.

काका तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. "आयुष्यभर लोकांना आडवं केलं, आता उभं करतोय," हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. दर शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये ते नवशिक्यांचे चार-चारचे गट करतात. समोरच्याचा उजवा हात धरून एक फेरी, मग डावा, मग चौघांनी हात धरून गोल, शेवटी जोडीदाराबरोबर गिरकी. कुणी खाली बघू लागलं की ओरडतात, "पाय विसरा, माणूस बघा! डोळ्यांत बघितलं की चक्कर येत नाही."

माझं दुखणं इथेच सुरू होतं. माझी बायको मुग्धा काकांच्या डोळ्यांत बघून गिरक्या घेते आणि तिला खरंच चक्कर येत नाही. माझ्या डोळ्यांत बघते तेव्हा म्हणते, "नितीन, तू एक ते आठ काउंट करतोयस ना? ओठ हलतायत." आता मी विमानाच्या पंखांची गणितं करणारा माणूस, मोजणार नाही तर काय करणार? बाहत्तर वर्षांच्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या म्हाताऱ्यावर मी जळत होतो, हे सांगायला लाज वाटते. पण मुग्धा तिथे हसते तशी घरी शेवटची कधी हसली, ते मला आठवेना.

त्यात या नाचात बायको आपल्या वाट्याला येतेच कुठे! दर गाण्याला जोडीदार बदलायचा, असा तिथला शिरस्ता. पहिल्या दिवशी एका गोऱ्या आजोबांनी मुग्धाला विचारलं, तर मी मध्ये पडून "सॉरी, शी इज माय वाइफ" म्हणालो. काकांनी ते हॉलभर सांगितलं. अजून सांगतात.

शेवटी मात्र वॉल्ट्झ असतो. तिथे चौकडी नाही, फक्त दोघं. तेवढा माझा. त्यासाठी मी दुपारभर कळ काढतो. आणि नेमके तेव्हाच काका बाजूला जाऊन खुर्च्या रचू लागतात. गेल्या शनिवारी मला चेव आला. जवळ जाऊन विचारलं, "काय काका, दमलात?"

"नाही रे," खुर्चीवर खुर्ची ठेवत ते म्हणाले. "सुमन, तुझी काकू, इथे कितीतरी वर्षं यायची. एकटीच. मी ड्यूटी संपवून तिला न्यायला यायचो आणि बाहेर गाडीत बसून हॉर्न द्यायचो. आत यायचा कंटाळा. ती बिचारी हा शेवटचा वॉल्ट्झ टाकून पळत यायची. प्रत्येक वेळी."

त्यांनी पुढची खुर्ची उचलली.

"ती गेल्यावर यायला लागलो मी. चौघांत निभतं माझं. हा तिचा राहिलेला. हा मी कसा नाचू?"

वॉल्ट्झचं फिडल वाजू लागलं. मुग्धा माझ्यासाठी हात पुढे करून उभी होती. मला तो हात हवा होता, फार हवा होता. मी काकांच्या हातातली खुर्ची काढून घेतली आणि मुग्धाला म्हटलं, "यांना घेऊन जा."

"अरे, मला दोघांचं येत नाही!"

"पाय विसरा, काका," मुग्धा म्हणाली आणि त्यांना ओढत घेऊन गेली.

मी खुर्च्या रचत त्यांच्याकडे बघत राहिलो, नेहमीसारखाच जळत. पण सगळ्यांना डोळ्यांत बघायला सांगणारे काका डोळे घट्ट मिटून नाचत होते. पावलं चुकत होती. मुग्धा त्यांना सांभाळून घेत होती. माझ्या हातात खुर्ची तशीच राहिली होती आणि मी काहीच मोजत नव्हतो.