दशरथकाकांची पांढरी पट्टी

माणसाचं चारित्र्य त्याच्या चालीत दिसतं, असं थोर लोक सांगतात. आमच्या दशरथकाकांची चाल रोज सकाळी अख्ख्या गावाला दिसते आणि गाव म्हणतं, आज सकाळीच घेतली.

काकांनी जन्मात ताडीचा थेंब घेतलेला नाही. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार बसला. जीव वाचला, तोल गेला. आदिलाबादच्या व्यायामवाल्या डॉक्टरणीने सांगितलं, सरळ रेघेवर, टाचेला अंगठा लावत रोज चाला. गावात सरळ म्हणावी अशी एकच रेघ आहे, इंद्रवेल्लीच्या सडकेची पांढरी पट्टी. तिच्यावर काका दोन्ही हात पसरून झुलत निघायचे. मागून काकू, त्यांच्या सदऱ्यापासून चार बोटांवर हात पुढे धरून, डॉक्टरणीचाच तेलुगू शब्द घोकत: "मेल्लगा, मेल्लगा." म्हणजे हळूहळू.

"लेकराच्या मागं फिरल्यावानी काऊन फिरून राह्यली? हात खाली कर."

"तुमी पडता ना."

"पडलो त उठीन."

हात काही खाली झाला नाही. पाऊल मात्र हळूहळू सरळ पडू लागलं. ते गावच्या व्यसनमुक्ती समितीने टिपलं आणि दारू सोडल्याबद्दल काकांचा जाहीर सत्कार ठरवला. मी जाऊन खरी हकीकत सांगितली. अध्यक्ष म्हणाले, "पत्रिका छापून झाल्या, सर." छापून झालेल्या गोष्टीपुढे माझं काय चालणार?

काका खवळले. "धरलीच कवा होती, त सोडू? नारळ त्या अध्यक्षाच्याच डोक्यावर फोडतो."

"मग त्यांनाही पट्टीवर चालावं लागेल," मी म्हणालो.

"चालू दे. मी शिकवतो."

सत्काराला काकू बायकांत बसल्या. काका पुरुषांत, खरमरीत भाषण पाठ करून. नाव पुकारलं. काका उठले. मागे हात नव्हता. वीसेक पावलं, मग तीन पायऱ्या. शाल घेतली, नारळ घेतला, माईकसमोर उभे राहिले, बायकांकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता खाली उतरले.

मलाच संताप आवरेना. "काका, बोलला का नाहीत?"

ते मांडीवरचा नारळ गोल फिरवत होते. "तुई काकू टाळ्या वाजवून राह्यली होती ना. दोनी हातानं."

मानपत्र त्यांनी चौकटीत घालून ओसरीत लावलं आहे. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं आहे की यांनी दारू सोडली.