सत्तावीस नंबरचा युनिफॉर्म

“भरलास अर्ज?” बाबांनी मशीनचं चाक हातानं थांबवून विचारलं.

“भरला.”

“पहिली पसंती डॉक्टरकीचीच टाकलीस ना?”

“हं,” बेबी म्हणाली आणि चपला काढायच्या निमित्तानं खाली वाकली.

आता ‘हं’ म्हणजे काही ‘हो’ नव्हे. कोर्टात उभं केलं असतं तर बेबीला तसं म्हणता आलं असतं. पण बाबा वकील नव्हते, टेलर होते. त्यांनी ‘हं’ ऐकलं, चाकावरचा हात काढला आणि गिऱ्हाइकाची पँट अर्धी टाकून ते शेजारच्या सलूनमध्ये बातमी सांगायला गेले.

खरी गोष्ट अशी होती की मार्क दोन्हीकडे पुरत होते. मेडिकलला जेमतेम, नर्सिंगला भरपूर. आणि बेबीनं पहिल्या रकान्यात नर्सिंग टाकलं होतं. चुकून नव्हे, चांगला विचार करून. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या तळहातात सुई मोडली, हात पिकला आणि ते अकरा दिवस दवाखान्यात होते. डॉक्टर रोज सकाळी यायचे, पायाशी लटकवलेला कागद बघायचे, “छान” म्हणायचे आणि जायचे. पण एक ठेंगणी सिस्टर रोज दुपारी बाबांपुढे बटणांची वाटी ठेवायची आणि आखडलेल्या बोटांनी एकेक बटण उचलायला लावायची. बाबा चिडायचे, ती त्यांच्यावर दुप्पट चिडायची. अकराव्या दिवशी बाबांनी बटण उचलून दोऱ्यात ओवलं. ते बघून बेबीनं मनाशी ठरवलं, की आपल्याला हे काम करायचंय. कागद बघून “छान” म्हणणारं नव्हे, हे.

हे बाबांना सांगायला तोंड नव्हतं का? होतं. पण बाबांनी ती तीन वर्षांची असल्यापासून तिला ‘आमची डॉक्टरीण’ म्हटलेलं. शिवाय मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती तिनं स्वतःलाही धड सांगितली नव्हती. मैत्रिणींनी विचारलं की तीसुद्धा “मेडिकल लाइनच” असं गुळमुळीत उत्तर द्यायची. नर्सिंग हा शब्द तिच्या जिभेवरून उतरत नसे. जे आवडतं त्याचीच लाज वाटते, याची तिला अधिक लाज वाटे.

आईला मात्र तिनं त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. आई दुकानातली काजं-बटणं करायची. तिनं दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, “सांगू आपण त्यांना. पण आज नको, आज त्यांची मशीन बिघडलीय.”

दुसऱ्या दिवशी मशीन दुरुस्त झाली, पण बाबांचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी डोकेदुखी थांबली, बाबा कधी नव्हे ते खुशीत होते आणि खुशीतल्या माणसाला का दुखवायचं, म्हणून राहिलं. अशा रीतीनं आज-उद्या करता करता प्रवेशाची यादी लागली, कॉलेज सुरू झालं, आणि बाबांना सांगायचं ते राहूनच गेलं.

एक सोय होती. मेडिकल कॉलेज आणि नर्सिंग कॉलेज एकाच आवारात होतं. फाटक एक, बसस्टॉप एक. आत गेल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, एवढाच प्रश्न, आणि तो बघायला बाबा येणार नव्हते.

गल्लीत मात्र बेबीची प्रॅक्टिस सुरू झाली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन रोज सकाळी जिन्यात उभे राहून तिला जीभ दाखवू लागले. “पांढरी वाटते का गं?” बेबी म्हणायची, “काका, मी अजून पहिल्या वर्षाला आहे.” “असू दे. जीभ काही पाचव्या वर्षाची नाहीये,” असं म्हणून ते आणखी थोडी बाहेर काढायचे. गल्लीतल्या डॉक्टरांनी तर एकदा स्कूटर थांबवून विचारलं, “काय मग, मुडद्यांची भीती गेली का? आमच्या वेळी दोघं तर पहिल्याच दिवशी आडवे झाले होते.” बेबीला त्या क्षणी मुडद्याचा हेवा वाटला. त्याला कोणी काही विचारत नाही.

बाबांचा उत्साह इतक्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण एका गुरुवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून कुठंसं गेले आणि दुपारी छाती पुढं काढून परत आले.

“तुझ्या कॉलेजात जाऊन आलो,” त्यांनी जाहीर केलं.

बेबीच्या हातातला चहा बशीत सांडला. “कशाला?”

“म्हटलं, पोरगी तिथं डॉक्टर होणार, आपलीही थोडी ओळख असावी. हापिसात विचारलं, शिवणकाम आहे का काही? म्हणाले, डॉक्टरांचं नाही, पण नर्सिंगच्या नव्या पोरींचे युनिफॉर्म आहेत. बेचाळीस! आता आपल्याला काय, पांढरं कापड ते पांढरं कापड.” आणि त्यांनी खिशातून घडी घातलेली यादी काढली. “रविवारी बेततो. तू वाचून दाखव. बारीक अक्षर आहे, माझ्या डोळ्यांना झेपत नाही.”

ती यादी बेबीला नवी नव्हती. मागच्या आठवड्यात वर्गातल्या मुलींनी एकमेकींची मापं घेऊन ती केली होती, आणि सत्तावीस नंबर तिचा होता.

रविवारी दुपारी बाबांनी टेबलावर कापडाचा तागा उलगडला, खडूला टोक केलं आणि म्हणाले, “हां. नावं नकोत, मला नावांशी काय करायचंय? नंबर आणि माप सांग.”

नावं नकोत म्हटल्यावर बेबीचा जीव भांड्यात पडला. पहिल्या सव्वीस मुली सुरळीत पार पडल्या. बाबा खडू ओढत होते, आई तुकड्यांना नंबरांच्या चिठ्ठ्या टाचत होती. मग बाबा म्हणाले, “सत्तावीस?”

आणि बेबीच्या लक्षात आलं, की नाव नसलं तरी माप आहे. या माणसानं तिचं लंगोट-झबल्यापासून सगळं शिवलंय. खांदा पावणेचौदा, बाही सव्वानऊ म्हटलं की याचा खडू हवेत थांबणार. गावातल्या कुठल्याही बाईचं माप एकदा घेतलं की हा दहा वर्षं विसरत नाही, तर पोटच्या पोरीचं विसरेल?

“अगं, सत्तावीस!”

बेबीनं डोळे मिटले आणि खालची ओळ वाचली. अठ्ठावीस नंबरची.

बाबांनी निमूट खडू ओढला. “अठ्ठावीस?”

आता अठ्ठावीसला पुन्हा तेच कसं वाचणार? तिनं एकोणतीस वाचली. एकोणतीसला तीस. एकदा पायरी चुकली की माणूस जिना संपेपर्यंत गडगडतच जातो, तशी ती गडगडत गेली. आईनं एकदा भुवई उचलून बघितलं, पण तिच्या तोंडात टाचण्या होत्या. एक्केचाळीसला यादी संपली.

“बेचाळीस?”

बेबीनं कोऱ्या कागदाकडे पाहिलं. “खांदा... सतरा. छाती सेहेचाळीस. उंची... बरीच.”

“बरीच म्हणजे?”

“बावन्न.”

“चांगली भरभक्कम दिसते,” बाबा कौतुकानं म्हणाले. “पेशंट उचलायला अशी एक पाहिजेच.”

आठ दिवसांनी बाबा गाठोडं घेऊन नर्सिंग कॉलेजच्या हॉलमध्ये हजर झाले. युनिफॉर्म घालून बघायचे, कुठं कमी-जास्त असेल तर तिथंच टाचण्या लावायच्या, असा मोठ्या सिस्टरांचा शिरस्ता होता. मोठ्या सिस्टर म्हणजे कॉलेजच्या प्रमुख. बत्तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या आणि अजूनही बघेल त्याला पेशंट समजून दरडावणाऱ्या. बेबी पंचवीस नंबरपर्यंत रांगेत उभी राहिली आणि मग पोट धरून हॉलमागच्या सामानाच्या खोलीत पळाली. दाराच्या फटीतून तिला सगळं दिसत होतं.

सव्वीसपर्यंत सिस्टर खूष होत्या. “वा मास्तर! अंगावर ओतल्यासारखं बसलंय.” सत्तावीसचं पुडकं, मुलगी जागेवर नाही म्हणून बाजूला ठेवलं. मग अठ्ठावीस नंबरची आली. तिला हात वर करता येईनात. एकोणतीसच्या बाह्या बोटांच्या पुढं चार अंगुळं लोंबत होत्या. तिसावीचं बटण उडून खिडकीवर आपटलं. छत्तीस नंबरची उंच मुलगी भावाचा लहानपणीचा सदरा घातल्यासारखी उभी राहिली. शेवटी बेचाळीस नंबर आली. वर्गातली सगळ्यात किरकोळ पोर ती. डोक्यातून युनिफॉर्म घातला आणि आत नाहीशी झाली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, “सिस्टर, बाहेर कुठून यायचं?”

हॉल हसण्यानं दणाणला. हसल्या नाहीत फक्त मोठ्या सिस्टर.

“मास्तर, झोपेत बेतता का तुम्ही? पंधरा युनिफॉर्म वाया! परवा यांना वॉर्डात उभं करायचंय मला!”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बेबीनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांच्या दुकानातून एक कपडा परत आला नव्हता, आणि आज पंधरा पोरी त्यांनी शिवलेलं घालून एकमेकींना हसत होत्या.

“बाई, माफ करा,” ते म्हणाले. “डोळ्यांनी दगा दिला म्हणायचं. मला वाटलं होतं अजून दोन-चार वर्षं निघतील.”

“मग यादी दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायची!”

“घेतली की. माझ्या मुलीनं वाचली. ती नाही चुकायची. ती डॉक्टर होतेय.” बाबांनी मान खाली घातली. “चूक माझीच.”

सामानाच्या खोलीत बेबी बादल्यांच्या उतरंडीला टेकून उभी होती. तिचे कान, गाल, मान, सगळं पेटलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. तिला तेवढीही वाट बघवेना. ती सरळ दार उघडून बाहेर आली. बादल्या तिच्यामागून गडगडत आल्या, त्यामुळे सगळ्यांनी वळून बघितलं.

“बाबा, तुमचे डोळे चांगले आहेत. मी चुकीचं वाचलं.”

“तू?” बाबांचा चेहरा आधी उजळला. “तू इकडे कशी? तुमचं कॉलेज पलीकडे ना?”

“हेच माझं कॉलेज. सत्तावीस नंबर मी आहे.” आणि मग एका दमात तिनं सगळं ओकलं. अर्ज, पहिला रकाना, वगळलेली ओळ, सेहेचाळीस छाती. बाकीच्या एक्केचाळीस पोरी ऐकत होत्या. बाबा टेपशी चाळा करत उभे होते.

मोठ्या सिस्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “ही तुमची मुलगी?”

“सकाळी घरातून निघाली तेव्हा डॉक्टर होती,” बाबा म्हणाले.

कुणी हसलं नाही. मग सिस्टरांनी टाळी वाजवली. “एक ओळच सरकलीय ना? मग काय मेलंय! अठ्ठावीस, सत्तावीसचं पुडकं घे. एकोणतीस, तू अठ्ठावीसचं. चला पुढं!” पाच मिनिटांत पंधरा मुलींना पंधरा युनिफॉर्म चपखल बसले. उरली एकटी बेबी, आणि उरला तो तंबू.

“तुझा नवा होईपर्यंत तू हाच घालायचास,” सिस्टर म्हणाल्या. “वॉर्डात लोक हसतील. हसू दे. हसून पेशंट बरे होतात.”

घरी जाताना बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत होते. तीन स्टॉप गेल्यावर त्यांनी विचारलं, “मला एवढी घाबरलीस?”

“घाबरले नाही. लाज वाटली.”

“नर्स व्हायची?”

बेबीला ‘नाही’ म्हणायचं होतं. पण खोटं बोलून बोलून तिचा आता जीव विटला होता. “थोडी तीसुद्धा,” ती म्हणाली. “काम आवडतं. पण लोकांना सांगायची वाटायची.”

बाबांनी हातातल्या तिकिटाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “मलाही वाटते,” ते शेवटी म्हणाले. “आता कबूलच करायचं तर. गल्लीत काय तोंड दाखवू, हेच मघापासून डोक्यात घोळतंय. पोरगी काय म्हणते ते सोडून गल्लीचा विचार करतोय. मीही काही थोर नाही.” मग दोघंही खिडकीबाहेर बघू लागली.

दुकान उघडून दहा मिनिटं झाली नाहीत तोच गल्लीतले डॉक्टर शर्ट शिवायला आले. बेबी वही घेऊन स्टुलावर बसली, आणि आपण आत्ताच्या आत्ता अदृश्य व्हावं असं तिला मनापासून वाटलं. बाबांनी खांदा घेतला, छाती घेतली, आणि गळ्याभोवती टेप गुंडाळली.

“काय मास्तर, आमच्या भावी डॉक्टरीणबाई काय म्हणतायत?”

बाबांचे कान लाल झाले. टेप धरलेली बोटं थबकली. “डॉक्टर नाही होत ती,” ते म्हणाले, “नर्स होतेय.”

“अरेरे! मार्क कमी पडले वाटतं?”

“पुरत होते. तिची पहिली पसंती ही होती.”

“काय सांगता! पोरीनं एवढी संधी हातची घालवली आणि तुम्ही बाप असून...”

डॉक्टरांना वाक्य पुरं करता आलं नाही. टेप अर्धा इंच आवळली गेली होती.

“कॉलर किती ठेवू, डॉक्टरसाहेब?” बाबांनी अदबीनं विचारलं. “चौदा बस्स होईल?”

“अहो... नर्सशिवाय...” डॉक्टर घोगऱ्या आवाजात म्हणाले, “दवाखान्यात पान हलत नाही हो!”

बाबांनी टेप सैल सोडली. त्यांनी बेबीकडे बघितलं नाही, त्यांच्या कानांची लाली अजून उतरली नव्हती. “लिही,” ते म्हणाले, “गळा साडेपंधरा. आणि एकदा वाचून दाखव.”

“गळा साडेपंधरा,” बेबीनं वाचलं.

“पुन्हा वाच,” बाबा म्हणाले.