पांडूचं पुस्तकी जेवण

पांडूच्या ताटात नाचणीची भाकरी आणि सुक्या मिरचीची चटणी असते, आणि तो खात असतो बासुंदी. म्हणजे असं, की ताटाशेजारी पाट आणि पाटावर उघडं पुस्तक. एक ओळ मोठ्यानं वाचायची, एक घास घ्यायचा. 'दूध आटून निम्मे झाले की केशर घालावे.' घास. 'वरून चारोळी पेरावी.' घास. मग डोळे मिटून मान हलवायची आणि म्हणायचं, "फस्टक्लास!" पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं ह्याचं डोकं फिरलं. आता चार वर्षं रोज बघतोय. अजून तसंच वाटतं.

पांडू माझा शेजारी. पोलादपूरच्या वर गाडीरस्ता संपतो, तिथून पुढं आमची वाडी. वाडीतलं शेवटचं घर त्याचं, अलीकडचं माझं, मधे एक फणस. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, म्हणजे तोही म्हाताराच. लग्न केलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. महाडला एका वाचनालयात शिपाई होता. तीस वर्षं पुस्तकांवरची धूळ झटकली, पण आत काय लिहिलंय ते कधी उघडून बघितलं नाही, असं तोच सांगतो. वाचायचं वेड लागलं ते नोकरी सुटल्यावर.

महाडला पूर आला तेव्हा वाचनालयात पुरुषभर पाणी चढलं. पुस्तकांचा चिखल झाला. तो ढीग फेकायला काढला, आणि हा जुना माणूस म्हणून आवरायला गेला. येताना तीन गोणी भरून घेऊन आला. अंगणात, पत्र्यावर, चुलीच्या वर जिथं आपण सुकट ठेवतो तिथं, ह्यानं पुस्तकं वाळत घातली.

मी म्हटलं, "पांडू, पोथ्या आणल्यास काय रे?"

"नाय दादा. फक्त जेवणाची."

खरंच, तीन गोणी आणि सगळी खाण्याची. पदार्थ कसे करायचे त्यांची, मधुमेहाला काय चालतं त्याची, उपासाची, कशात किती लोह आहे त्याची. गोष्टींची पण आहेत, पण ज्यांत माणसं जेवतात तीच. एक जाडं पुस्तक आहे. त्यात कुठल्याशा राजाचा आचारी असतो आणि राजाला विष घालतात. पांडूनं ते पाच वेळा वाचलंय.

"विष कोणी घातलं?" मी विचारलं.

"ती पानं पुरात गेली. पण दादा, त्या दिवशी राजा काय जेवला ते सगळं हाय. सतरा पदार्थ!"

"आणि राजा मेला काय?"

"ते काय मी बघितलं नाय."

पुरातली पुस्तकं सरळ कुठली असायला. पानं फुगलेली, कडा मातकट, कुठं दोन-दोन पानं चिकटलेली. सोडवायला गेलं की फाटतात, म्हणून पांडू सोडवत नाही, आहे तसं वाचतो. वरती शिरा सुरू होतो आणि खाली त्याचं कोशिंबिरीत विसर्जन होतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पुस्तकात हाय."

आरोग्याची पुस्तकं वाचायला लागल्यापासून तर साऱ्या वाडीला ताप झालाय. घास बत्तीस वेळा चावावा म्हणतो. ह्याची एक भाकरी संपेपर्यंत आमची गुरं चरून परत येतात. एकदा विहिरीवर बायकांना सांगायला गेला, "मेथी खा गो, मेथीत लोह असतं." एक सून घागर उचलता उचलता म्हणाली, "काका, लोह तव्यात पण असतं. तवा चाटू काय?" तरी हा हटत नाही. एकदा मला वाचून दाखवलं, की शहरात डॉक्टर लोकांना नाचणी खायला सांगतात, औषधासारखी. मी म्हटलं, "मग आपण जन्मभर औषधावरच जगलो रे. तरी गुडघे गेलेच."

'चवीनुसार' ह्या एका शब्दाशी मात्र त्याचं वैर आहे. मीठ चवीनुसार, तिखट चवीनुसार, असं आलं की पुस्तक आपटतो. "कोणाच्या चवीनुसार? आकडा लिवायला ह्यांचे हात मोडतात काय?" पेन्सिलीनं खोडून त्यानं सगळीकडं 'एक चमचा' लिहून ठेवलंय.

माझी बायको यशोदा त्याला हसायची नाही. घरात काही वेगळं केलं की एक वाटी फणसाखालून पलीकडं जायची. रिकामी वाटी परत यायची, वाटीबरोबर निरोप, "वैनी, फस्टक्लास!" मी तिच्या हातचं पंचेचाळीस वर्षं जेवलो आणि एकदाही काही म्हटलं नाही. माझं असं होतं, की बिघडलं तर बोलायचं, चांगलं झालं तर गप्प जेवायचं. गेल्या वर्षी शिमगा झाला आणि पंधरा दिवसांत ती गेली. आता जेवताना बोलायला कोणी नाही आणि गप्प बसायलाही कोणी नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा माझ्या मुलाचा, सुनीलचा, डोंबिवलीहून फोन आला. "बाबा, महाडातनं केटरर सांगतो. पुरी, छोले, जिलेबी. तुम्हाला त्रास नको."

"तुझ्या आयशीनं छोले खाल्लेले काय कधी? तिच्या पानावर वालाचं बिरडं पडेल. मी करीन."

"तुम्ही? बाबा, तुम्हाला चहा येत नाय."

"पंधरा दिवस हायत. शिकीन."

बोललो ते बोललो. नवे कडवे वाल घरात आले की पहिलं बिरडं तिचं, हे ठरलेलं. ती जीव टाकायची त्यावर. पण करायची कसं? त्याच चुलीशेजारी मी पंचेचाळीस वर्षं बसलो, पण तोंड दाराकडं करून.

गेलो पांडूकडं. त्याला एवढा आनंद झालेला मी कधी बघितला नव्हता. "दादा, बिरडं चार पुस्तकांत हाय!"

वाल भिजवले, फडक्यात बांधले, मोड आणले. सोलण्याआधी कोमट पाण्यात टाकायचे होते, मी उकळतं ओतलं. साल आणि वाल एकजीव झाले. ते गेले म्हशीला. दुसऱ्या खेपेला आम्ही दोघं म्हातारे सकाळभर ओटीवर वाल सोलत बसलो. एक वाल टोपात, दुसरा बोटांतून सुटून कोंबडीपुढं. वाटेनं जाणारी एक म्हातारी थांबली. "काय दादा, लगीनघर दिसतंय. नवरा कोण, तुम्ही का पांडू?"

"तू हो म्हण, मग ठरवतो," मी म्हटलं. ती शिव्या देत गेली.

बिरडं झालं. पांडूनं चाखलं. "फस्टक्लास!" मी चाखलं. उकडलेले वाल, बाकी काही नाही. तिसऱ्या खेपेला नारळ भरपूर घातला. पांडू म्हणाला, "फस्टक्लास!" मला ते बर्फीसारखं लागलं. पण मी मनात म्हटलं, हा एवढा वाचलेला माणूस, माझी चौथी झालेली नाही. आपल्याला काय कळतंय.

चौथी खेप. श्राद्धाला चार दिवस उरलेले. पांडू वाचतोय, मी घालतोय.

"गूळ सुपारीएवढा."

घातला.

"आमसुलं तीन."

घातली.

"मीठ दोन मुठी."

"दोन मुठी?"

"पुस्तकात हाय, दादा."

घातलं. नांगर धरलेल्या हाताच्या दोन मुठी. शिजल्यावर पांडूनं चमचाभर तोंडात घातलं, सावकाश चावलं, गिळलं. "फस्टक्लास!" मग मी घातलं, आणि पळत अंगणात जाऊन थुंकलो. कोंबडी धावत आली, चोच लावली आणि निघून गेली. मी त्याच्या हातातलं पुस्तक ओढलं आणि अक्षर अक्षर लावून पुढची ओळ वाचली. 'नंतर बरणीचे तोंड फडक्याने बांधावे.' पानं चिकटलेली. वरती बिरडं, खाली कैरीचं लोणचं.

माझं डोकंच गेलं. "हे फस्टक्लास? गुरानं तोंड लावलं नसतं ह्याला! मग तिला जे सांगायचास ते काय होतं रे? तोंडदेखलं? एवढी वर्षं तिला फसवलंस?"

पांडूनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मिटलं, मांडीवर ठेवलं.

"दादा, मला चव लागत नाय."

"म्हणजे?"

"कोरोनाच्या तापात गेली. ताप उतरला, चव आलीच नाय. वास पण नाय. मिठाचा खडा आणि वाटेवरचा खडा, मला दोन्ही सारखेच."

तेव्हाचं मला आठवलं. पूर यायच्या आधीची गोष्ट. पांडूला ताप आला तेव्हा त्याच्या दाराकडं कोणी फिरकत नव्हतं, मीही नाही. यशोदा जायची. पायरीवर ताट ठेवायची आणि मागं येऊन उन्हात उभी राहायची, तो दार उघडेपर्यंत. मी इकडून ओरडायचो, "मरायचंय काय तुला?"

"पयल्या दिवशी वैनीनं बिरडं ठेवलेलं," पांडू म्हणाला. "ते मला लागलं, दादा. सगळं लागलं. दुसऱ्या दिवशी पेज आणली, तर तोंडात चिखल. तेव्हापासून चिखलच. ती उन्हात उभी. तिला काय सांगू, चिखल लागतो म्हणून? फस्टक्लास म्हटलं. मग तेच म्हणत राहिलो."

"आणि ही पुस्तकं?"

"आंबट लिवलेलं असलं की जरा आंबट वाटतं. जरासंच."

मी त्याला एक शिवी दिली. म्हटलं, "आधी तोंड उघडायचं होतंस. माझे चार शेर वाल गेले." मग विचारलं, "ते बिरडं आठवतं काय तुला?"

पांडू ताठ बसला. पुस्तक नाही, पेन्सिल नाही. अंगणाकडं बघत सांगायला लागला.

"पयला ओवा येतो. मग गोड, पण गुळाचं गोड वाटत नाय, वालाचंच वाटतं. आंबट मागनं येतं, जिभेच्या कडेला. कडू येतं ते गिळताना, घशात. आणि दाताखाली कायतरी काळं, बारीक, भाजलेलं. तिळासारखं, पण तीळ नाय. त्याला धुराचा वास."

"आणि नारळ?"

"नारळ नव्हताच, दादा."

चारही पुस्तकांत नारळ होता. लिहिणाऱ्यांच्या दारात माड असतील. आमच्या डोंगरात नारळ यायचा तो देवापुढं फोडायला. आमच्या उतारावर नाचणीच्या कडेनं काय व्हायचं? मी ताडकन उठलो. "कारळे!" भाजलेल्या कारळ्याची जाडसर काळी पूड तिच्या डब्यात मी कितीदा बघितलेली. मला वाटायचं तिची मशेरी आहे.

आता कारळे कोण लावतो? वाडीत कोणाकडं निघाले नाहीत. पोलादपूरला दुकानदार म्हणाला, "काय बाबा, पोपट पाळलात काय?" महाडचा बाजार पालथा घातला. शेवटी श्राद्धाच्या आदल्या दिवशी दोघं वरंधला पांडूच्या बहिणीकडं गेलो. तिनं माळ्यावरचं मडकं उतरवलं, तळाशी दोन मुठी कारळे होते. एका टोपाला पुरतील एवढेच. आधी करून बघायची सोय नव्हती.

आणि श्राद्धाचं जेवण नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचं नाही. थेंबसुद्धा नाही.

सकाळी कारळे भाजून जाडसर भरडले. चुलीपुढं मी आणि शेजारी पांडू. सून दोनदा म्हणाली, "बाबा, मी करते." मी म्हटलं, "तू पानं पूस." मला चाखायला बंदी, आणि पांडूला चाखून उपयोग नाही. तो टोपात वाकून नुसतं बघत होता. "एवढं पिवळं नव्हतं, दादा... ओवा अजून चिमूटभर... आमसूल बास. आता कारळे. आणखी घाला. आणखी. काळं दिसायचं ते." तो सांगेल तसं मी घालत गेलो. जन्मात कोणाचं एवढं ऐकलं नसेल.

यशोदाच्या फोटोपुढं पान ठेवलं, पाणी सोडलं. मग पंगत बसली. पांडूला मी माझ्या शेजारी ओढून बसवला.

पहिला घास घेतला. ओवा आला. मग गोड. मग दाताखाली कारळा फुटला आणि माझा हात थांबला. समोर सुनील बसलेला, त्याचाही थांबला होता. "बाबा," तो म्हणाला, "हे आईचं..." आणि खाली बघायला लागला.

पांडूनं मला कोपरानं हळूच ढोसलं. "दादा, जमलं काय?"

नुसती मान हलवून मी जेवलो असतो. पण मान हलवून त्याला काय लागणार? मी सांगायला लागलो. मोठ्यानं, भर पंगतीत. "ओवा आलाय. आता गोड, गुळाचं नाय. थांब, चावत राहा. आता आंबट, कडेला. गिळ आता. कडू हाय, पण चांगलं कडू." मी बोलत होतो तसा तो चावत होता, मी थांबलो की थांबत होता. मी दुसरा घास घेतला आणि परत पहिल्यापासून सांगितलं. सून वाढायला आली, ती टोप हातात धरून तशीच उभी राहिली.

"आणि?" पांडू डोळे मिटून म्हणाला.

"आणि काय. लय चांगलं झालंय."

सांगत होतो मी पांडूला, पण बघत होतो फोटोपुढच्या पानाकडं.