रोमचं स्थळ

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या देवरेकाकांनी परवा रोमचं स्थळ परत पाठवलं. मुलगा सेनापतीचा, घराणं नामांकित, आरमार स्वतःचं. काका म्हणाले, "पोरगी एवढ्या लांब द्यायची नाही." रोमने रागारागात चढाई केली, काकांची दोन बंदरं गेली. काकांनी शांतपणे चहा मागवला.

हे सगळं कॉम्प्युटरवर चालतं. प्राचीन काळातलं एक राज्य घ्यायचं आणि लढाया, तह, सोयरिकी करत ते वाढवायचं, असा तो खेळ आहे. काका अर्थातच सातवाहन. खेळाच्या चाहत्यांनी त्यात आपापल्या मनाने फेरफार करून नव्या आवृत्त्या काढल्या आहेत, त्यांना मॉड म्हणतात. लोक त्यातला एखादा घेतात आणि खेळतात. काका तीन घेतात आणि तपासतात.

तपासणं त्यांच्या रक्तातच आहे. आमच्या नाशिकमधल्याच सातपूरच्या एका कारखान्यात ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. रिटायर झाले, पण माप घ्यायचा व्हर्नियर खिशातून गेला नाही. काकूंच्या शंकरपाळ्यांना तो लागलेला मी स्वतः पाहिला आहे. "टॉलरन्समध्ये बसत नाही," हा त्यांचा शेरा आमच्या लिफ्टला, कोपऱ्यावरच्या मिसळीला आणि सोसायटीच्या चेअरमनना सारखाच लागू असतो.

पहिल्या मॉडचा नकाशा देखणा होता, पण त्यात नाशिकच नव्हतं. काका भडकले. "मग लेणी कोरली कुणी? पैठणहून रोज अपडाऊन करून?" रिजेक्ट. दुसऱ्यात नाशिक होतं, पण मुख्य पीक द्राक्षं. काका मला म्हणाले, "अरे सुनील, दोन हजार वर्षांपूर्वी इथे द्राक्षं? यानं आधी वायनरी पाहिली आणि मग इतिहास वाचला." रिवर्क. तिसऱ्यात मात्र गोदावरीचं वळणसुद्धा जागच्या जागी होतं. मला वाटलं, आता सुटलो.

पण तिन्हींत एक खोट निघाली. राजकन्येचं लग्न झालं की तिचं चित्र घराण्याच्या पानावरून नाहीसं व्हायचं, ते कायमचं. राज्य वाढायचं, पण मुलगी पुन्हा दिसायची नाही. काकांनी तिन्ही मॉडवाल्यांना इंग्रजीत रीतसर इन्स्पेक्शन रिपोर्ट पाठवला. उत्तर आलं एकाचंच. तिसरा मॉड करणारे गृहस्थ पोलंडचे. त्यांनी आदराने विचारलं, "सर, लग्नानंतर तिने परत का यावं?" माहेर या शब्दाला इंग्रजी सापडेना म्हणून काकांनी पानभर मजकूर लिहिला. त्यात दिवाळी होती, अनारसे होते, आणि मुलगी आली की घरात सकाळी उशिरापर्यंत कुणी मिक्सर लावत नाही, हेही होतं.

आता खरी गोष्ट सांगतो. काकांची मेघना आर्किटेक्ट आहे. तिने लग्न स्वतःच ठरवलं आहे. मुलगा तिच्याबरोबर शिकलेला, सोन्यासारखा, पण नोकरीला फिनलंडमध्ये. महिनोन् महिने ती वडिलांच्या होकाराची वाट बघतेय. काका हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. विषय निघाला की खोलीत जाऊन साम्राज्य उघडतात.

"ह्यांना रोमला नाही म्हणता येतं," काकू मला म्हणाल्या होत्या. "पोरीला नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हणायला जीभ उचलत नाही."

रविवारी सकाळी काकांनी मला हाक मारली. पोलंडहून मॉडची नवी आवृत्ती आली होती. बदलांच्या माहितीत एक ओळ होती: लग्न झालेली राजकन्या आता दर शरद ऋतूत वडिलांच्या दरबारी येईल. काकांनी ती मला दोनदा वाचायला लावली. मग रोमचं स्थळ पुन्हा काढलं आणि माझ्यादेखत होकार दिला. राजकन्या जहाजात बसून गेली. घराण्याच्या पानावर तिची जागा रिकामी झाली.

काका सरसावून बसले आणि भराभर पुढच्या चाली दाबत सुटले. कर नाही, सैन्य नाही, काही बघेनात. उत्तरेकडून शकांची फौज उतरली.

"काका, पैठण गेलं."

"जाऊ दे. शरद आला का बघ."

आला. रिकाम्या जागी एक बोटभर चित्र उमटलं, डोक्यावर पदर घेतलेलं. राजधानी गेलेला तो माणूस खुर्चीत मागे टेकला आणि चष्मा काढून बनियनला पुसू लागला. मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की मी उगाचच खिडकीबाहेर बघितलं.

"पास," काका म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज चढवला, "मेघना, त्या मुलाला फोन लाव. मला बोलायचंय."

भांड्यांचा आवाज थांबला. मेघना दारात आली, तिच्या हाताला कणीक तशीच होती.

"काय बोलणार आहात, बाबा?"

"काही नाही गं," काका म्हणाले, "त्यांच्याकडे दिवाळीची सुट्टी असते का, तेवढं विचारतो."