गोलातली खुर्ची

दर मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या रेनमार्क गावच्या किशोर-उपचार केंद्राच्या आवारात दोन चुलत भावांच्या गाड्या शेजारी शेजारी येऊन उभ्या राहात. एकीतून लेफ्टेरिस आपला मुलगा मनोलिस याच्यासह उतरून रुबाबात आत जाई. दुसरीतून केवळ देस्पिना उतरे आणि तिचा पिता फोटिस चाकामागे तसाच बसून राही.

"अरे, गारठशील इथे," लेफ्टेरिस काचेवर टकटक करून म्हणे. "बागेत एक चक्कर मारून ये."

"तू जा आत. तुझी खुर्ची थंड होईल."

"खुर्चीचं काय घेऊन बसलास? आज फार खोलवर जाणार आहोत आम्ही."

"विहीर खणताय का?"

त्या वर्षी शरद ऋतूपासून दोन्ही घरांतील मुलांना नैराश्याने ग्रासले होते. देस्पिनाने नेटबॉल सोडला होता, जेवण सोडले होते, आणि वडिलांशी बोलणे तर समूळच सोडले होते. मनोलिसची अवस्था याहून निराळी नव्हती. केंद्रात त्या सुमारास दोन उपचारपद्धतींची तुलना चालू होती. पहिलीत मूल एकटेच समुपदेशिकेपुढे बसे आणि मनात आलेला काळा विचार वहीत लिहून त्याच्या बाजूचे व विरुद्धचे पुरावे मांडत असे. दुसरीत आईवडिलांसह सारे गोल बसून एकमेकांशी बोलत. कोणाला कोणती पद्धत, हे चिठ्ठ्या टाकून ठरले. देस्पिनाला वही निघाली, मनोलिसला गोल.

आठव्या आठवड्यात देस्पिना पुन्हा नेटबॉलच्या मैदानावर दिसू लागली. फोटिसला आनंद झाला, यात शंका नाही. परंतु ती आपल्यावाचून सुधारली, ही गोष्ट त्याच्या अंतःकरणात काट्यासारखी रुतली. गाडीत बसल्या बसल्या त्याला आतून तिचे हसणे ऐकू येई. त्या अनोळखी बाईने असे काय सांगितले असेल की पोरगी हसली? आणि तो लेफ्टेरिस, ज्याला स्वतःच्या मुलाचा वाढदिवस बायकोला विचारावा लागतो, तो आत बसतो!

अखेरीस तो केंद्रप्रमुख डॉक्टर रोवीना यांच्यासमोर उभा राहिला.

"बाई, मला गोलात घ्या."

"फोटिस, चिठ्ठी निघाली ती निघाली. आम्ही मधेच बदललं तर दोन्ही पद्धतींची तुलना कशी करणार?"

"तुलना करा ना! पण त्यात माझं काय ते पण मोजा की!"

डॉक्टरबाईंनी सहानुभूतीने मान हलवली, बदल मात्र काही केला नाही.

तेव्हा फोटिसने स्वतःच उपचार करण्याचे ठरविले. कुलुरिया बिस्किटांचा डबा पुढे करून त्याने लेफ्टेरिसकडून आतली रीत काढून घेतली. एकाने मनातले बोलायचे, दुसऱ्याने ते जसेच्या तसे परत म्हणून दाखवायचे, मग उत्तर द्यायचे. पुढल्या रविवारी त्याने संत्री भरण्याच्या शेडमध्ये चार खोकी गोलाकार मांडली आणि पत्नी वूला व देस्पिना यांना पाचारण केले.

"चौथं खोकं कुणाला?" वूलाने विचारले.

"गोल दिसायला हवा. तिघांचा त्रिकोण होतो. बस."

देस्पिना बसली, परंतु बोलली नाही. मग वूलानेच तोंड उघडले. "माझ्या मनात असं आहे की गेल्या दोन वर्षांपासून स्वयंपाकघरातला नळ गळतोय."

"तुझ्या मनात असं आहे," फोटिस गंभीरपणे म्हणाला, "की गेल्या दोन वर्षांपासून स्वयंपाकघरातला नळ गळतोय."

"हो."

"आता तुला बरं वाटतंय का?"

"नळ गळतोच आहे, फोटिस!"

देस्पिनाने ओठ दाबून धरले आणि ती उठून बागेत निघून गेली. तरीही चार रविवार फोटिसने हा गोल नेमाने भरविला.

बाराव्या आठवड्यात, कोणते मूल किती सुधारले याचे गुण देण्याचा दिवस उगवला. हे काम एल्स्पेथ मॅकाय नावाच्या वयस्क बाईंकडे होते. कोणते मूल कोणत्या पद्धतीत आहे, हे त्यांच्या कानी पडू नये, असा कडक नियम होता. कारण ते कळले की गुण देताना हात कलतो. रेनमार्कात तर मांजर हरवले तरी सर्वांना कळते. म्हणून एल्स्पेथबाई तीन महिने पावही शेजारच्या बेरी गावातल्या बेकरीतून आणत होत्या.

"मुलगी जेवते का?" त्यांनी फोटिसला विचारले.

"जेवते. पण का जेवते, ते लिहा. आम्ही सगळे गोल बसून..."

"अहो, नको!" एल्स्पेथबाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "काही सांगू नका मला!"

"का नाही? ती बाई एकटीच श्रेय घेणार का? मी बसतो त्या गोलात! आधी मी बोलतो, मग बायको..."

एल्स्पेथबाई मोठमोठ्याने गुणगुणू लागल्या. परंतु फोटिसचा आवाज ट्रॅक्टरवर घडलेला होता.

त्याच्यानंतर लेफ्टेरिस आत गेला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "वही पूर्ण भरली हो पोरानं! पुरावे बिरावे सगळे!"

सायंकाळी एल्स्पेथबाईंनी डॉक्टरांपुढे शरमेने कबूल केले, "दोघांचंही कळलं मला. देस्पिना गोलात आहे आणि मनोलिस वहीत."

डॉक्टर रोवीना यांनी नोंद उघडली. तिथे नेमके उलटे होते.

दुसऱ्याच दिवशी दोन्ही पिते आपापल्या मुलांसह डॉक्टरांच्या खोलीत उभे होते. फोटिसने खोक्यांचा गुन्हा मान्य केला. मग सर्वांनी लेफ्टेरिसकडे पाहिले.

"देस्पिनाकडून वहीची रीत विचारून घेतली मी, आणि मनोलिसकडून घरी तशीच वही भरून घेतली," तो पुटपुटला.

"तू?" फोटिस उद्गारला. "अरे, तू तर आत होतास!"

"आत होतो म्हणूनच! बारा आठवडे, फोटिस. बारा आठवडे माझा मुलगा मला माझ्याच चुका सांगतोय, आणि मी त्या परत म्हणून दाखवतोय! खिडकीतून बघावं तर तू गाडीत मजेत रेडिओ ऐकतोयस. किती हेवा वाटायचा मला तुझा! म्हटलं, पोराला वहीनंच गुण आला तर सुटलो एकदाचा."

फोटिस स्तंभित झाला. ज्या मनुष्यावर आपण तीन महिने जळलो, तो तितक्याच जोमाने आपल्यावर जळत होता!

डॉक्टर रोवीना यांनी निर्णय दिला. दोन्ही मुले तुलनेतून वगळली जातील, उपचार मात्र चालू राहतील. "आता चिठ्ठी नाही. मुलांनीच सांगावं, त्यांना काय हवंय."

फोटिसने सदऱ्याची कॉलर नीट केली.

"मला आहे तेच बरं वाटतं," देस्पिना म्हणाली. "एकटीनं."

त्याचा चेहरा असा उतरला की डॉक्टरांनीही नजर वळविली.

"मला गोल हवाय," मनोलिस म्हणाला. "पण बाबा नकोत. ते रडतात, मग मलाच त्यांची समजूत काढावी लागते. घरातलं मोठं माणूस कुणीही चालतं ना? मग फोटिसकाका येऊ देत."

"हा?" लेफ्टेरिस ओरडला. "मुलगा माझा आणि खुर्ची याला?"

"तूच म्हणालास ना, सुटायचंय म्हणून?"

"सुटायचं होतं. जागा द्यायची नव्हती!"

परंतु मुलांच्या शब्दापुढे इलाज नव्हता. पुढल्या मंगळवारी फोटिस नवा सदरा घालून मनोलिससह आत गेला. देस्पिना शेजारच्या खोलीत होती आणि भिंत पातळ होती. तासाभराने पितापुत्री गाडीत बसली. गाडीने पारिंगाचा पूल ओलांडला.

"फार वेळ बोलत होतात तुम्ही," देस्पिना अचानक म्हणाली.

"हं."

"मनोलिसशी एवढं बोलता येतं तुम्हाला. माझ्याशी का नाही?" तिच्या आवाजात चक्क राग होता. "काय सांगितलंत त्याला?"

त्याचे मला सांगता येणार नाही, पण माझे सांगतो, असे म्हणून फोटिसने घसा साफ केला. "तू झोपून असायचीस ना, तेव्हा रोज सकाळी मी तुझ्या दाराशी उभा राहायचो. वाजवायची हिंमत व्हायची नाही. तू 'जा' म्हणालीस तर काय करू, कळायचं नाही."

"पावलं ऐकू यायची मला," देस्पिना म्हणाली. "वाटायचं, बूट शोधताय."

"बूट पायातच असायचे."

"मग उद्यापासून वाजवा. मी 'जा' म्हटलं तरी परत वाजवा. आणि ती खोकी उचला शेडमधून. आई रोज अडखळते." ती त्याच्याकडे वळून बसली. "अजून काय काय सांगितलंत?"

फोटिस सांगत राहिला. मागून येणारा मालट्रक भोंगा वाजवून कंटाळला आणि पुढे निघून गेला.

"बाबा, आपलं घर मागे राहिलं."

"बघितलं मी," फोटिस म्हणाला, आणि त्याने वेग आणखी कमी केला.