बिनदोराचा प्रवास

प्रवासाला बरोबर तीन आठवडे उरले होते, तेव्हा मास्तरांचा गुडघा दुखायला लागला.

गुडघ्याने वेळ अगदी नेमकी साधली. सकाळी मुलीचा फोन आला होता. "बाबा, विमानातल्या जागा निवडतेय. खिडकी हवी ना?" मास्तर "हो तर" म्हणाले, फोन ठेवला, आणि खुर्चीतून उठता उठता "आई गं" म्हणून पुन्हा खाली बसले.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. एकतीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली म्हणून सगळे त्यांना लिफ्टमास्तर म्हणायचे, पुढे त्यातली लिफ्ट गळून नुसते मास्तर उरले. अठराव्या मजल्यावर लिफ्टच्या पोकळीत एका पायावर तोल सांभाळत त्यांनी बोल्ट आवळले होते. अशा माणसाला विमानाची भीती वाटते हे कुणाला सांगून पटलं नसतं, आणि मास्तरांनी ते कधी कुणाला सांगितलंही नव्हतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लिफ्टला दोर असतात. एक नाही, चांगले सहा. एक तुटला तरी पाच उरतात, आणि सगळे तुटले तरी डब्याला खाली धरून ठेवणारी पकड असते. विमानाला वरून कुणी धरलेलं नसतं. ज्याला कुणी धरलेलं नाही त्यात शहाण्या माणसाने बसू नये, इतकंच.

पण या वेळी प्रकरण अवघड होतं. बायकोची थोरली बहीण, ताई, सत्तर वर्षांची होत होती. ताईंचं गाव गाडीने दोन रात्रींवर. 'रजा नाही' या दोन शब्दांवर मास्तरांनी त्यांची बोलावणी अकरा वर्षं परतवली होती. निवृत्त झाल्यावर रजेचं कारणच संपलं, आणि मुलीने कौतुकाने दोघांची जायची-यायची विमानाची तिकिटं काढून दिली. भीती लपवायला मास्तरांनी उत्साहाचं सोंग घेतलं आणि ते जरा जास्तच वठवलं. इमारतीच्या सातही मजल्यांना सांगून झालं. आता माघार घ्यायची तर शरीराचा एखादा अवयव पुढे करणं भाग होतं. दात फार किरकोळ वाटला असता, कंबर पूर्वी दोनदा वापरून झाली होती. गुडघा तेवढा कोरा होता.

बायकोने गुडघ्याची मोठीच बडदास्त ठेवली. तिने शाळेच्या ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षं काढलेली, त्यामुळे तिला घराबाहेर सगळे ग्रंथपाल बाई म्हणत. बाईंनी गरम पाण्याची पिशवी आणली, पायाखाली उशी दिली. "दोन-चार दिवसांत बरं वाटेल बहुतेक," मास्तरांनी उगाच चाचपून पाहिलं.

"छे, गुडघ्याचं दुखणं वाईट," बाई म्हणाल्या. "महिनाभर तरी हलायचं नाही. तिकिटं रद्द करू."

"पण ताईंचा वाढदिवस..."

"ताईचं मी बघते."

इतक्या सहज सुटका होईल असं मास्तरांना वाटलं नव्हतं. एवढी समजूतदार बायको मिळाली म्हणून त्यांचं मन भरून आलं, आणि तिलाच आपण फसवतोय म्हणून जरा वाईटही वाटलं.

दोघांची तिकिटं मुलीने ज्याच्या त्याच्या फोनवरून काढली होती, कारण प्रत्येक फोनवर पहिल्या खरेदीची सूट मिळत होती. त्यामुळे रद्द करायचं कामही ज्याचं त्यानेच करायचं होतं. मास्तरांनी चष्मा लावून बटण दाबलं, तर पडद्यावर दोन चौकोन उभे राहिले. डावीकडे परतावा, काही रक्कम कापून. उजवीकडे पूर्ण रकमेचं क्रेडिट, एक वर्षात कुठल्याही प्रवासाला वापरण्यासाठी.

मास्तरांनी दोन मिनिटं विचार केला. परतावा घेतला तर मुलीला वाटणार, बाबांना जायचंच नव्हतं. क्रेडिट घेतलं तर 'रद्द कुठे केलंय, पुढे ढकललंय' असं छातीठोक सांगता येणार. आणि वर्ष काय, बघता बघता जाईल, की क्रेडिटही गेलं आणि विमानही. शिवाय पैसे परत मागणं त्यांच्या धंद्यातच बसत नव्हतं. कुठल्याही सोसायटीने देखभालीचे पैसे परत मागितले की ते ठरलेलं उत्तर द्यायचे, "पैसे परत नाहीत. सेवा पुढे धरू." त्यांनी उजवा चौकोन दाबला.

"मी क्रेडिट घेतलं गं," ते अभिमानाने म्हणाले. "तू?"

"माझं मी बघते," असं म्हणून बाई फोन घेऊन आत गेल्या.

संध्याकाळपर्यंत गुडघा बराच सुधारला. इतका की तो नेमका कुठला होता, याचाही मास्तरांना मधूनमधून विसर पडायला लागला.

क्रेडिट मात्र मास्तरांना वाटलं होतं तसं गप्प पडून राहिना. त्यांच्या फोनवरच्या कंपनीच्या ॲपमध्ये रोज सकाळी जाहिरात झळकायची, आकाश तुमची वाट पाहत आहे. चौथ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिन्यात गाठून सांगायचे, "मास्तर, क्रेडिट वाया घालवायचं नसतं हं. मी तुम्हाला ठिकाणांची यादी देतो." आणि मुलीने तर फोनवर जाहीरच केलं, "बाबा, मी आठवणीचा गजर लावून ठेवलाय. गुडघा बरा झाला की दुसऱ्या दिवशी तुम्ही विमानात."

दोन आठवडे हा जाच सोसून मास्तर एका दुपारी गुपचूप गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत गेले. मन अस्वस्थ झालं की ते तिथेच जायचे. दोर समोर दिसले की त्यांना बरं वाटायचं. तिथून त्यांनी विमान कंपनीला फोन लावला.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू?" एका मुलीचा गोड आवाज आला.

"मला क्रेडिट नको. परतावा द्या. काय कापायचं ते कापा."

"सॉरी सर. एकदा क्रेडिट निवडलं की परतावा मिळत नाही."

"का पण?"

"नियम आहे सर. पैसे परत नाहीत, सेवा पुढे धरली जाते."

मास्तरांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. हेच वाक्य त्यांनी एकतीस वर्षं लोकांना याच सुरात ऐकवलं होतं. ऐकणाऱ्याला कसं वाटत असेल, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

"बरं, दुसऱ्या कुणाला देता येईल?"

"नाही सर. ज्याच्या नावावर क्रेडिट, त्यानेच उडायचं."

'उडायचं' हा शब्द मास्तरांना मुळीच आवडला नाही. "आणि मुदतीत नाही वापरलं तर?" त्यांनी आशेने विचारलं.

"वाया जाईल सर. पण काळजी करू नका," त्या मुलीला त्यांची आशा काळजीसारखी ऐकू आली, "ज्येष्ठ नागरिकांना मी एक वर्ष वाढवून देऊ शकते. हे बघा, वाढवलं."

"अहो, नको..."

"प्रवास का रद्द झाला होता सर?"

"गुडघा," मास्तर सवयीने बोलून गेले.

"अरेरे. मग पुढच्या प्रवासासाठी चाकाची खुर्ची नोंदवून ठेवते. खिडकीची जागाही देते, मोफत. तुमच्या संपर्काच्या नंबरवर तसा निरोप येईल. आणखी काही सर?"

"काही नको," मास्तर घाईघाईने म्हणाले. आणखी दोन मिनिटं बोललो तर ही मुलगी आपल्याला विमान चालवायलाच बसवेल, अशी त्यांना धास्ती वाटली.

तिकीट काढताना लेकीने संपर्काचा म्हणून जो नंबर भरला होता, तो बाईंचा होता. दुसऱ्या दिवशी मास्तर खोलीत आले तर पलंगावर बॅग उघडी, आणि बाई साड्यांच्या घड्या घालतायत.

"कुठे निघालीस?"

"ताईकडे. उद्या गुरुवारच्या गाडीने. शनिवारी सकाळी पोचते, रविवारी वाढदिवस."

"गाडीने? आणि क्रेडिट?"

"मी कुठे घेतलं क्रेडिट? मी परतावा घेतला," बाई घडीवरून हात फिरवत म्हणाल्या. "ज्या वस्तूवर परत करायची तारीख असते ती आपली नसते, एवढं ग्रंथालयात शिकलेय मी."

"मग मीपण येतो गाडीने."

"गाडी भरली. माझं शेवटचं तिकीट होतं. आणि तुम्हाला गाडी कशाला? चाकाची खुर्ची काय, खिडकी काय, सगळं परस्पर ठरवून मोकळे झालात. निरोप आला मला. बोलायचं तरी होतंत. मी ताईला कळवूनसुद्धा टाकलं की तुम्ही विमानाने येताय."

हे नाकारायचं तर खरं काय ते सांगावं लागलं असतं. मास्तरांनी बॅगेची चेन लावायला मदत केली.

बाई गेल्या त्या दिवशी संध्याकाळी ताईंचा फोन आला. मास्तर आपले आयत्या वेळी ताप येण्याच्या तयारीत होते.

"भावोजी, गुडघ्याचं एवढं झालं आणि कळवलं नाहीत," ताई म्हणाल्या. "तुमची खुर्ची वर यायला दारापुढच्या पायऱ्यांवर सुताराकडून फळ्यांची उतरण करून घेतलीय. माझी खालची खोली तुम्हाला. मी वर झोपेन."

"अहो ताई, एवढं कशाला? तुम्ही या वयात जिने चढणार?"

"चढेन की. अकरा वर्षांनी येताय. पुढच्या अकरा वर्षांचं मी काही सांगू शकत नाही."

फोन ठेवल्यावर मास्तरांना मनापासून लाज वाटली. सत्तर वर्षांची बाई त्यांच्या धडधाकट गुडघ्यासाठी जिने चढणार होती. मग त्यांनी मुलीला फोन लावला आणि एका दमात म्हणाले, "उद्याचं तिकीट काढ."

विमानतळावर चाकाची खुर्ची घेऊन एक दणकट कर्मचारी उभाच होता. मास्तर मान खाली घालून बसले. वरच्या मजल्यावर जायला दोघं लिफ्टमध्ये शिरले, तर लिफ्टचं दार मिटायचं, अडायचं आणि पुन्हा उघडायचं. असं तीनदा झालं. मास्तरांनी कान देऊन ऐकलं.

"खाचेत काहीतरी अडकलंय," असं म्हणून ते खुर्चीतून उठले, दारात दोन्ही गुडघे टेकून बसले आणि पेनाच्या टोकाने कुणाच्यातरी बॅगेचं तुटलेलं चाक बाहेर काढलं. "लाव आता."

दार मऊपणे मिटलं. कर्मचारी रिकाम्या खुर्चीकडे बघत होता.

"साहेब, गुडघा?"

"येतो आणि जातो," मास्तर म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत बसले.

शनिवारी सकाळी बाई ताईंच्या दारात रिक्षातून उतरल्या, तेव्हा नव्याकोऱ्या फळ्यांच्या उतरणीवर मास्तर पाय पसरून बसले होते. ताई आत चहा टाकायला गेल्या होत्या.

"खरंच आलात," बाई म्हणाल्या.

"आलो. क्रेडिटवर."

"भीती नाही वाटली?"

मास्तर नेहमीचं अठराव्या मजल्याचं सांगणार होते, पण फळीवरून बोट फिरवत राहिले. "वाटली," ते म्हणाले. "गुडघा दुखतच नव्हता गं. कधीच नाही."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं. सकाळी पिशवी उजव्यावर होती, संध्याकाळी डाव्यावर."

"मग बोलली का नाहीस?"

बाई त्यांच्या शेजारी टेकल्या. "बोलले असते तर विमानात बसावं लागलं असतं. तुमचा गुडघा दुखला नसता ना, तर दुसऱ्या दिवशी माझी पाठ दुखणार होती. तोवर मला वाटत होतं, तुम्हाला केवढी हौस. सात मजल्यांना सांगून आलात."

"आणि तू शेजारणीला नवी बॅग दाखवत होतीस."

"मग काय करणार?"

दोघं इतके हसले की ताई आतून विचारायला लागल्या, काय झालं म्हणून. हसू ओसरल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "कसं असतं हो वर?"

"मला काय माहीत? मी डोळे गच्च मिटून होतो. उतरताना एकदा चुकून उघडले. खाली घरं दिसली, एवढीएवढीशी. बरं दिसतं."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "परतीला मी येऊ तुमच्याबरोबर? गाडीचं तिकीट रद्द करते."

"ये," मास्तर म्हणाले. "मी हात धरून बसतो. कुणीतरी धरलेलं असलं की झालं."

तेवढ्यात मुलीचा फोन आला, तो बाईंनीच घेतला आणि बेत सांगितला. मुलगी हरखून गेली. "आई, बाबांच्या शेजारची जागा मोकळी आहे. की तूच बसतेस खिडकीशी?"

"हो तर," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला, उतरणीवरून उठायला गेल्या, आणि "आई गं" म्हणून पुन्हा खाली बसल्या.

मास्तरांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"पाठ?"

"पाठ," बाई म्हणाल्या.

"काही हरकत नाही," मास्तर म्हणाले. "चाकाची खुर्ची आहे माझ्या नावावर. तू बस, मी ढकलतो."